पप्पांची गाणी मीच उडवली

आज स्वतःचाच भयंकर राग आलाय.

पप्पा जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी गायलेली भीमगीतं घरच्या कॉम्प्युटरवर होती. सकाळी आईसाठी अजून गाणी उतरवायला एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट दाबत गेलो. नाव नसलेली गाणी कायमची डिलीट करू का, हेही त्यात विचारलं होतं. पप्पांच्या रेकॉर्डिंगला मी कधी नावच दिलं नव्हतं.

आई म्हणाली, "जाऊ दे रे, मला आठवतोय त्यांचा आवाज."

थोड्या वेळाने परत आली. "तुझ्या मोबाईलमध्ये पन नाय का?"

नाहीये. जुईनगरच्या भीमजयंतीत पप्पा गायचे, तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्यांना शूट केलंय का? आवाज फाटलेला असला तरी चालेल.