नेटिव्ह : सांगोला

आमच्या थोरल्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा सापडणार नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो तर तेही आधी इकडेतिकडे बघतील आणि मग हळूच मान्य करतील. माणसं सापाला भितात, पोलिसाला भितात, एखादा बायकोला भितो. आमचे साडू रजिस्टर पोस्टाला भितात, लिफ्टला भितात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला भितात. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात नाव, पत्ता आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी असते. ती धुण्यात जाऊन तिचा लगदा व्हायला लागला, तेव्हापासून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. एस.टी.त चढायच्या आधी ते ड्रायव्हरला "झोप झाली का नीट?" असं विचारतात. एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, "झाली की सर, अजून डोळ्यावरच हाय," तर हे खाली उतरले आणि पुढच्या गाडीनं आले. रोज संध्याकाळी सात वाजता मला त्यांचा फोन येतो. "पाव्हणं, गॅस बंद केला का?" त्यांच्या घरचा नव्हे, आमच्या घरचा. मी न बघताच "केला" म्हणतो, मग ते "बघून सांगा" म्हणतात.

असा हा माणूस एका मराठी शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवत होता. गावात सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची शिकवण्याची पद्धत त्यांच्या स्वभावातूनच आलेली. इंग्रजी वाक्य उच्चारलं की ते पोरांना कळेल की नाही याची त्यांना इतकी धास्ती वाटायची, की श्वास न घेता लगेच मराठी वाक्य जोडून द्यायचे. "ओपन द विंडो खिडकी उघड." "सिट डाउन खाली बस." त्यांच्या कित्येक विद्यार्थ्यांना 'ओपनदविंडोखिडकीउघड' हे एकच लांबलचक इंग्रजी वाक्य आहे असं दहावीपर्यंत वाटायचं. पोरगं उठायचं, खिडकी उघडायचं, आणि वर्ग पुढे चालायचा.

निवृत्तीनंतर वर्षभरात या माणसानं जाहीर केलं की मी तीन महिन्यांसाठी व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जाणार. तिथल्या एका लहान गावातल्या भाषावर्गाची जाहिरात त्यांनी मोबाइलवर पाहिली होती. माझी मेहुणी, म्हणजे आमची अक्का, कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्यांना रस्ता वलांडायला माणूस लागतो, आन् हे समुद्र वलांडाय निघालेत! काय तरी सांगा की यांना." सांगायला म्हणून मी त्यांना तळ्याकाठी फिरायला नेलं. पाण्यापासून चार हात लांबच ते उभे राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, तेहतीस वर्षांत ज्याला मराठी येत नाही अशा माणसाशी मी एकदाही इंग्रजी बोललेलो नाही. पोरं खिडकी उघडायची ती माझ्या इंग्रजीमुळं का मराठीमुळं, मला ठाऊक नाही. माझं इंग्रजी खोटं निघालं तर? एवढ्या पोरांना मी काय शिकवलं मग?" लिफ्टची भीती आणि ही भीती यांतला फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, आणि खरं सांगायचं तर मीच घाबरलो.

जाहिरातीत पात्रता दिलेली होती. कोणत्याही विषयातली पदवी, एकशेवीस तासांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि तब्येत ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा कागद. पदवी होती, पण तिची लॅमिनेट केलेली प्रत चालते का, या चिंतेत आठवडा गेला. कोर्स सुरू झाला तो स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ शेजारी ठेवून. चहाला उठले की वेळ वजा. कोर्स ऐंशी तासांतच संपला, परीक्षाही पास झाले. तरी उरलेले चाळीस तास हे गृहस्थ बंद पडद्यासमोर ताठ बसून होते. मी म्हणालो, "सर, आता काय करताय?" तर म्हणाले, "कागदावर एकशेवीस लिहून येणार. उद्या कुणी शपथेवर विचारलं तर?"

आणि अशा माणसाच्या हातून ते घडलं. अर्जात एक प्रश्न होता, 'आर यू अ नेटिव्ह स्पीकर?' सरांनी उभा जन्म शाळेतले फॉर्म भरलेले. नाव, जात, हुद्दा, नेटिव्ह. नेटिव्ह म्हणजे मूळ गाव, यात त्यांना शंका असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी 'यस'वर खूण केली आणि खालच्या चौकटीत सुवाच्य लिहिलं, 'नेटिव्ह : सांगोला. स्पीकर : गुड.' अर्ज पाठवून झाल्यावर त्यांनी मला तो कौतुकानं दाखवला. मी हसत हसत सांगून टाकलं, "अहो सर, ज्याची मायबोलीच इंग्रजी आहे त्याला नेटिव्ह स्पीकर म्हणतात!" मी अजून हसतच होतो, पण समोरच्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. परक्या सरकारला आपण लेखी खोटं सांगितलं, आता विमानतळावर बेड्या पडणार, हे त्यांनी त्याच क्षणी गृहीत धरलं. दोन दिवस ते कडक भाकरी हातात धरून दाराकडेच बघत होते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच असताना दाखल्याच्या चौकशीसाठी हवालदार आले. बेल वाजली तशी सरांनी दार उघडलं आणि त्यांना बसूही न देता दोन्ही हात पुढे केले. "साहेब, चूक माझीच आहे. नेटिव्हच्या जागी मी सांगोला लिहिलं." हवालदार नातेपुत्याकडचे, शांत गडी. त्यांनी आधी अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी सांगोल्याचं न्हाय का सर?"

"आहे की."

"मग बराबर हाय की! ह्यात गुन्हा कुटला? जरा पानी द्या, ऊन लई हाय."

सही घेऊन ते गेले. सर मात्र तेवढ्यावर सुटणारे नव्हते. त्यांनी त्या भाषावर्गाच्या बाईंना स्वतः इंग्रजीत माफीचं पत्र लिहिलं. मी मराठी आहे, माझी बायको मराठी आहे, इंग्रजी मी शिकून बोलतो, चुकीबद्दल क्षमा असावी. पाठवायचं बटण त्यांच्याच्यानं दाबवेना, तेव्हा अक्कानं येऊन दाबलं.

उत्तर आलं की गुरुवारी व्हिडिओवर बोलू. गुरुवारी मी कॅमेऱ्याला दिसणार नाही असा टेबलाच्या कडेला बसलो. सरांनी कोट घातला होता. बाई पडद्यावर आल्या. सरांनी नाव सांगितलं आणि लगेच तेच मराठीत सांगितलं. शिक्षण सांगितलं, तेही दोनदा. मी ओठांवर बोट ठेवून खुणावत होतो. मग बाईंनी त्यांच्या जरा अडखळत्या इंग्रजीत विचारलं, "हे सांगोला कसं आहे?" सर खुर्चीत पुढे सरकले. मग डाळिंबाच्या बागा, मेंढरं, कोरड्या वर्षी पाण्याच्या टँकरमागं धावणारी माणसं, सगळं सांगत सुटले, आणि दहा मिनिटांत त्यांच्या तोंडून एकही मराठी वाक्य बाहेर पडलं नाही. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बाई म्हणाल्या, "सुट्टीतल्या वर्गाला नेटिव्ह लागत नाही. माझी मुलं बोलायला घाबरतात. तुम्ही या." फोन बंद झाल्यावर सरांनी मला विचारलं, "तिला खरंच कळलं असेल, का नुसती मान हलवली?"

निघताना त्यांच्या बॅगेत शेंगाचटणी होती, सहा चिठ्ठ्या होत्या आणि डोळ्यांत तोच प्रश्न होता. स्टेशनवर अक्का एकदाही रडली नाही. "पोचला की फोन करा, आन् उगं भिऊ नका," एवढंच म्हणाली. गाडी हलल्यावर मात्र तिनं माझा दंड घट्ट धरला. त्यानंतरचे तीन दिवस मी सोलापुरात बसून विमानं, बोटी, परदेशी पोलीस अशा सगळ्यांना भीत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला फोन वाजला.

"पाव्हणं," सर म्हणाले, आणि पुढे बोलेचनात.

"काय झालं सर? बरे आहात ना?"

"वर्गात फार उकडत होतं. मी 'ओपन द विंडो' म्हणालो. पुढचं मराठी वाक्य बोलायच्या आत एक पोरगी उठली. तिनं खिडकी उघडली, पाव्हणं."

मग "वारं चांगलं येतंय हितं," असं काहीतरी म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गॅसचं विचारलं नाही. मी उठलो आणि आमचा गॅस बघून आलो.