खोडरबरांचा डबा

आमच्या ग्रुपवर कुणी टाइप करत नाही. नलिनी मिसकडे शिकून गेलेल्या मुलामुलींचा तो ग्रुप आहे, आणि आमच्यातले बरेच जण अजूनही लिहिणं टाळता येईल तेवढं टाळतात. त्यामुळे वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून नोकरी लागल्याच्या बातमीपर्यंत सगळं आवाजातच येतं. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं होतं आणि फोनवर असाच एक छोटा संदेश आला. पाठवणारी सानिका. दोन वर्षांत तिने ग्रुपवर एक शब्द टाकला नव्हता. "मिस गेल्या. आत्ता, पहाटे. मी हॉस्पिटलमध्येच आहे. त्यांचे भाऊ म्हणाले, अकरापर्यंत घरी आणतील." त्यानंतर काही क्षण नुसता वॉर्डातला आवाज, एखाद्या ट्रॉलीच्या चाकांचा... आणि संपलं. मी तो संदेश दोनदा ऐकला. दूध उतू गेलं. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला तो इथे लिहिते, कारण तो लपवला तर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, चला, आता सांगावं लागणार नाही.

नलिनी मिस रेमेडियल टीचर होत्या. ज्या मुलांना ऐकलेलं सगळं समजतं पण वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत, लिहिताना शब्द अर्धे राहतात, अशा मुलांना त्या शिकवायच्या. शिकवण्याइतकाच वेळ त्या मुलांच्या शाळांशी बोलण्यात जायचा. याला पहिल्या बाकावर बसवा, हिला फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नका, याची तोंडी परीक्षा घ्या. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. हॉलमध्ये तीन टेबलं, आतल्या खोलीत त्या एकट्या. वडील गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. शाळांच्या मुख्याध्यापकांशी मिस अगदी शुद्ध, तोलून मापून बोलायच्या, पण मुलं घाबरली की त्यांच्या तोंडून आपोआप गावाकडची भाषा यायची.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा आठ वर्षांची होते, इंग्लिश मीडियमच्या तिसरीत. मी आळशी आहे यावर शाळेत सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि मी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. दारातच मिसनी स्टीलचा एक डबा पुढे केला, लाडवांचा असतो तसा. "खोडरबर असेल तर यात टाकायचा. जाताना परत मिळेल." मी दप्तर घट्ट धरून उभी राहिले. खोडरबर ही माझी जगातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती. खोडून खोडून माझ्या वह्यांची पानं फाटायची, पण चूक कुणाला दिसायची नाही. "भियातंस कित्याक?" त्या म्हणाल्या. "या खोलीत कुणी खोडत नाही. चुकलं की एक आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. तू खोडलंस तर मला कळणार कसं, तू नेमकी कुठे हरवलीस ते?" मग त्यांनी मला कागदावर नाव लिहायला सांगितलं. मी स्नेहलमधला एस उलटा काढला, तेव्हा नेहमी काढायचे तसाच. आई मागून पटकन म्हणाली, "अगं, उलटा झाला तो!" मिस म्हणाल्या, "असू दे. हिची वस्तू कुणी चोरली तर लगेच ओळखू येईल." त्या दिवशी मी एकही शब्द बोलले नाही, पण घरी जाऊन माझ्या पट्टीवर, कंपासवर, परत मिळालेल्या खोडरबरावर, सगळ्यांवर मुद्दाम उलटा एस काढला. ती सवय अजून गेलेली नाही.

शाळा संपली, कॉलेज संपलं, स्पेशल एज्युकेशनचा कोर्स केला आणि मी मिसकडेच मदतनीस म्हणून लागले. खिडकीजवळचं टेबल माझं. लोकांशी बोलायला मला आजही जड जातं, मुलांशी जात नाही. मिस मला म्हणायच्या, "तुला त्यांची लाज कळते. मला कळत नाही. मला नुसत्या चुका कळतात." मला ते कौतुक वाटायचं. त्यात धोकाही होता, हे मला दिसलं नाही.

सानिका आमच्याकडे नववीत आली, जवळच्याच एका मराठी शाळेतून. तिला नर्स व्हायचं होतं. आजीच्या पायाची जखम ती रोज स्वतः धुवायची आणि तिच्या पट्ट्या बघून डॉक्टरनी म्हणे विचारलं होतं, कोणत्या दवाखान्यात बांधता? तिची उत्तरं ऐकली तर वर्गात पहिली यावी, आणि पेपर बघितला तर कोरा. पेन हातात आलं की तिची बोटं आखडायची, म्हणून मिसनी वर्गशिक्षिकेकडून तिला पेन्सिलने लिहायची परवानगी काढली होती. पण खरी धडपड दहावीची होती. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळायला सरकारी हॉस्पिटलचा दाखला लागतो. तिथली तारीख मिळायलाच कित्येक महिने जातात, आणि जाताना शाळेचं पत्र न्यावं लागतं की या मुलीला अशी अशी अडचण आहे. सानिकाची तारीख आली होती. पुढच्या आठवड्यात. राहिलं होतं फक्त शाळेचं पत्र, आणि त्यासाठी सोमवारी मुख्याध्यापिकांनी वह्या घेऊन बोलावलं होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी तिला तोंडी उत्तरांचा सराव द्यायला तिच्या घरी गेले. तर ती जमिनीवर वह्या पसरून रडत बसलेली. "ताई, या नव्या मॅडम मला ओळखत पण नाहीत. त्या हे बघणार?" इतिहासाची वही, विज्ञानाची वही. अर्धी वाक्यं, जोडाक्षरांच्या जागी नुसता गुंता, आणि जागोजागी मिसनी शिकवलेल्या आडव्या रेघा. तिची आई पदराला हात पुसत आतून आली. "स्नेहलताई, निदान एवढं तरी करा ना. वह्या जरा बऱ्या दिसू देत. त्या म्हणतील, आईचं लक्षच नाही पोरीकडे." मी नाही म्हणायला हवं होतं. त्या वह्या म्हणजेच पुरावा होता, हे मला त्या दोघींपेक्षा जास्त माहीत होतं. पण मला त्या पानांवर सानिकाची वही दिसतच नव्हती, मला माझी तिसरीतली वही दिसत होती. मी पर्समधून माझा खोडरबर काढला. ड्रॉइंगसाठी वापरतात तसला मोठा, पांढरा. संध्याकाळपर्यंत मी खोडत होते, एकेक अक्षर सांगत होते आणि ती लिहीत होती. मध्येच तिने विचारलं, "मिस रागावतील?" मी म्हटलं, "मिसना कशाला सांगायचं? फक्त मॅडमना दाखवायला आहे हे." ती हसली. ती तशी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती... निघताना खोडरबर तिच्याकडेच राहिला.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. जूनमध्येच बदलून आल्या होत्या, आणि वर्गशिक्षिका नेमक्या रजेवर. त्यांनी दोन्ही वह्या शांतपणे चाळल्या. "मॅडम, सॉरी, पण मला प्रॉब्लेम कुठे दिसत नाहीये. किती स्वच्छ लिहिते ही! मार्क कमी आहेत म्हणजे पेपरात मेहनत घेत नाही." मिसनी वही हातात घेतली. त्यांनी वाचलं नाही. पानावरून नुसता अंगठा फिरवला, मग पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. खोडलेला कागद खरखरीत होतो, उजेडात त्यावरची जुनी दाबलेली अक्षरं दिसतात. "हे बघा," त्या म्हणाल्या, "खाली वेगळं आहे. हे खोडून लिहिलंय." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कोणी? आणि का? मॅडम, तुम्हीच सांगा, मी कशावर सही करू? जे दिसतंय त्यावर ना?" मिसनी तासभर समजावलं. वर्गशिक्षिका येईपर्यंत थांबू, एवढंच उत्तर मिळालं. पत्र मिळालं नाही. पत्राशिवाय गेलो म्हणून हॉस्पिटलमधून परत पाठवलं, आणि पुढची तारीख मिळाली ती बोर्डाचे फॉर्म भरून झाल्यानंतरची.

शाळेतून परत येताना रिक्षात आम्ही तिघी होतो. मिसनी विचारलं, "कोणी केलं हे, सानिका?"

"मी."

"एकटीने?"

सानिकाने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहायला लागले. "हो मिस. एकटीने."

मिसनी मांडीवरच्या वह्या पिशवीत ठेवल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी. तिथे नेण्याआधी वह्या मी बघायला हव्या होत्या." सानिकाच्या आईलाही त्यांनी हेच सांगितलं, आणि तिनेही माझं नाव घेतलं नाही. पुढे ज्याने विचारलं त्याला मिसनी हेच सांगितलं. सानिका दहावीला बसली, बाकी सगळ्यांइतक्याच वेळात, स्वतःच्या हाताने लिहीत. चार विषय गेले. पुन्हा बसली, दोन राहिले. त्यानंतर मिस तिच्या घरी किती वेळा गेल्या याचा हिशेब नाही. आता दाखला काढू, लेखनिक मिळेल, मी बसते तुझ्याबरोबर. ती एकच सांगायची, "पुरे झालं मिस. आता नाही." बोरीवली स्टेशनसमोरच्या एका कपड्यांच्या दुकानात ती लागली. मी त्या रस्त्याने जाणं बंद केलं. रोज सकाळी मिसच्या दारात चप्पल काढताना ठरवायचे, आज सांगायचं. मग मुलं यायची.

शेवटची भेट झाली ती मिस जाण्याआधी साधारण पंधरा दिवस. आजार पोटातला होता आणि उशिरा कळला होता. टेबलं भिंतीला सरकवून त्यांची कॉट हॉलमध्ये आणली होती, मुलांच्या जागेत. हात इतके बारीक झाले होते की बांगडी कोपरापर्यंत घसरायची. वर्ग बंद होता, मुलांना मी त्यांच्या घरी जाऊन शिकवत होते; कोण कुठवर आलं ते सांगत होते. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तुला काही सांगायचंय का गो?"

मी म्हटलं, "नाही मिस. तुम्ही आराम करा."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "जाताना खिडकी ओढून घे. माकडं येतात." मी खिडकी ओढून घेतली. हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्या गेल्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांच्या भावाचा, मुलुंडच्या काकांचा, फोन आला. खोली आवरायची होती, मुलांच्या फायली त्यांच्या त्यांच्या घरी पोचवायच्या होत्या. मी गेले. काका कपाट रिकामं करत होते. म्हणाले, "ती सानिका नसती तर आमचं काही खरं नव्हतं. दुकानाला सुट्टी असली की दुपारपासून रात्रीपर्यंत इथेच. अंग पुसायची, केस विंचरायची, पाठीला जखम होऊ दिली नाही तिने. हॉस्पिटलातल्या सिस्टर विचारायच्या, ही पोरगी कुठे शिकलीये?" मला हे काहीच माहीत नव्हतं. मिसच्या आजारपणात मी कधी दुपारनंतर तिथे थांबले नव्हते, आणि त्या दिवसांत मिसनी कधी तिचं नाव काढलं नव्हतं.

दाराशी स्टुलावर तो स्टीलचा डबा होता. मुलं विसरून गेलेले खोडरबर त्यात राहायचे. संध्याकाळी खोली बंद करताना मिस डबा टेबलावर उपडा करायच्या आणि कुणाचा कुठला ते ओळखून वेगळा काढायच्या, दुसऱ्या दिवशी परत द्यायला. हे त्यांनी एकही दिवस चुकवलेलं मला आठवत नाही. मी डबा उपडा केला. वासाचे, फळांच्या आकाराचे, अर्धे चावलेले. आणि त्यात एक मोठा पांढरा, एका बाजूने झिजून उतरता झालेला. त्यावर निळ्या पेनने काढलेला उलटा एस. शाळेतल्या त्या मीटिंगनंतर सानिका क्लासला आली असणार आणि नियमाप्रमाणे दारात तिने तो डब्यात टाकला असणार. म्हणजे त्याच संध्याकाळी मिसनी तो ओळखला असणार... त्यानंतर दोन वर्षं. बाकीचे खोडरबर परत गेले, हा गेला नाही. माझं टेबल त्या डब्यापासून चार पावलांवर होतं.

काकांनी विचारलं, "हा कचरा टाकू ना?" मी म्हटलं, "नको. मी नेते."

त्या दिवशी घरी येऊन मी सानिकाला संदेश पाठवायला बसले. आवाजात. दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. तिसऱ्यांदा रिक्षातल्या गोष्टीपाशी चुकले, वाक्य अर्धंच सोडून पुन्हा सुरू केलं, आणि जे आलं ते बोलले. चूक मिसची नव्हती, माझी होती, हे तुझ्या आईलाही मी येऊन सांगेन, असंही म्हटलं. ते सगळं तसंच पाठवलं. तिने ऐकलंय, फोनवर खूण दिसते. उत्तर आलेलं नाही. ते यावं असं म्हणायचा मला अधिकार नाही.

मिसकडची तीन मुलं आता माझ्या घरी येतात. दारात डबा ठेवलाय. येताना खोडरबर टाकतात, जाताना घेऊन जातात. परवा त्यातल्या सगळ्यात लहानीने आत डोकावून विचारलं, "टीचर, हा मोठा कोणाचा? हा कधीच कोणी नेत नाही."

"माझा आहे," मी म्हटलं.