उडुपांचा ठिपका

लोगो ही अशी वस्तू आहे की दोन डोळे असलेल्या प्रत्येकाला तिच्याबद्दल मत असतं, आणि ती मतं ऐकून घेण्यात श्रीकंठ उडुपांची एकतीस वर्षं गेली होती. बसवनगुडीतल्या दोन खोल्यांत बसून त्यांनी पंपांचे, दुधाच्या पिशव्यांचे, औषधांचे आणि अलीकडे निव्वळ सॉफ्टवेअरवाल्यांचे लोगो काढले. खिशाला तीन पेन्सिली आणि कपाळाला कायमची आठी. ट्रकवाल्यांना मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या 'हादी' कंपनीचं काम घेतानाच त्यांनी बायकोला सांगून टाकलं होतं, "वारिजा, हे शेवटचं. त्यांचा फलक चढला की गावी कुंदापूरला जाऊन राहू." शेवटचं काम तेवढं निर्दोष वर चढावं, याखेरीज त्यांना काही नको होतं.

कानडीत हादी म्हणजे वाट. उडुपांनी एक जाड रेघ काढली, सरळ वर जाऊन उजवीकडे वळणारी. वळणापुढे थोडी जागा सोडून एक ठिपका दिला. झालं. नेहमीप्रमाणे कागद घेऊन ते गांधी बझारातल्या, उभ्यानेच खायच्या-प्यायच्या हॉटेलात मादय्याकडे गेले. मादय्या वीस वर्षं तिथे कॉफी ओतत होता. एक कॉफी ओतून होईपर्यंत कागद त्याच्यासमोर धरायचा, मग उलटा करायचा, आणि गर्दी ओसरली की त्याला बिलाच्या पाठीवर आठवून काढायला लावायचं. त्याच्या हाताला आठवलं तर लोगो पास. मादय्याने जाड रेघ आणि वळण झोकात काढलं. ठिपका काढला नाही. घाईत आहे बिचारा, असं म्हणून उडुपांनी बिल खिशात टाकलं.

कंपनीच्या बैठकीला नऊ जण होते. नऊ! लोगो एक आणि बघणारे नऊ. एक म्हणाला, म्हाताऱ्याची काठी वाटते. दुसऱ्याला त्यात नळ दिसला. तिसऱ्याला काही दिसत नव्हतं, पण निळा रंग हवा होता. मालक चिरंत, वय एकोणतीस, म्हणाला, "सार, मस्त आहे, पण जरा अजून काहीतरी हवं." काय हवं ते त्याला माहीत असतं तर उडुपांना बोलावलं कशाला असतं?

शेवटी जयलक्ष्मम्मा बोलल्या. ट्रक ड्रायव्हरांना मोबाइल वापरायला शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "सार, तो ठिपका कशाला?"

उडुपांचं डोकं आधीच तापलेलं. "ते कळायला नजर लागते, अम्मा," ते म्हणाले. मग उभं राहून त्यांनी ठिपक्यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं. ठिपका म्हणजे मुक्काम. घरी वाट बघणारं माणूस. ठिपक्याशिवाय वाट म्हणजे नुसतं भटकणं. जयलक्ष्मम्मांनी मान खाली घालून वहीत लिहून घेतलं.

पुढचे तीन महिने नुसता वैताग. रेघ बारीक करा, रेघेला बाण लावा, दोन रेघा करा, मधे चाक घाला. एकाच्या मेव्हण्याला आकार आवडला नाही, म्हणून तो गोल झाला. उडुपांनी कपाळ बडवत अकरा वेळा बदल केले, पण ठिपक्याला कुणाला बोट लावू दिलं नाही. कुणी विषय काढलाच, की पुन्हा भाषण.

अकरावा कागद घेऊन ते मादय्यापुढे उभे राहिले. कॉफी ओतून झाली, कागद उलटा झाला. थोड्या वेळाने मादय्याने बिल पुढे केलं. त्यावर चाक नव्हतं, बाण नव्हता. होती ती पहिलीच जाड रेघ, वळणासकट.

"अरे, हे आत्ता दाखवलं का मी तुला?"

"आत्ताचं नाही आठवत, सार. हे आठवतं. मागं तुम्हीच आणलेलं ना?"

उडुपांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरी कॉफी सांगितली. नऊ जणांच्या नाकावर टिच्चून हे बिल आपटायचं! मग त्यांचं लक्ष गेलं. याही वेळी ठिपका नव्हता.

"आणि ठिपका?"

"कुठला ठिपका, सार?"

घरी येऊन त्यांनी पहिला कागद भिंतीला लावला आणि ठिपक्यावर अंगठा ठेवला. लोगो एकदम मोकळा झाला. अंगठा उचलला, की नजर वळण सोडून त्या काळ्या बुंदीकडे धावायची. दहादा उचलला, दहादा ठेवला. "गाढव," ते स्वतःला म्हणाले. ज्या एका बाईला खरं दिसलं होतं, तिलाच आपण नजर नाही म्हणालो, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी बिल टेबलावर ठेवलं. "पहिलाच लोगो घ्या. आणि ठिपका काढून टाका. जयलक्ष्मम्मांचं बरोबर होतं, माझं चुकलं."

चिरंतने बिल निरखलं. "पहिला घेऊ, सार. हे पटलं. पण ठिपका काढायचा? छे! ठिपका तर आपला आत्मा आहे. तुमचं भाषण आम्ही स्वागतकक्षाच्या भिंतीवर लिहून घेतलंय."

"पुसा ते!"

"सार, तुम्ही दमलात," चिरंत मायेने म्हणाला. आजवर एका गोष्टीवर एकमत न झालेल्या आठ जणांनी एकदम माना डोलावल्या. उडुपांनी आशेने जयलक्ष्मम्मांकडे पाहिलं.

"सार, खरं सांगू?" त्या लाजत म्हणाल्या. "तुम्ही समजावल्यापासून मलाही आवडायला लागलाय तो. ड्रायव्हरांनाही मी तसंच शिकवते."

महिन्याभराने रिंग रोडवर सातव्या मजल्याच्या उंचीवर फलक चढला. कुंदापूरला जाण्याआधी उडुपांनी मादय्याला स्कूटरवर मागे बसवून तो दाखवायला नेलं. मादय्याने कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"वळण झकास, सार. पण ते पुढं काय पडलंय? कावळ्यानं घाण केली वाटतं. पुसून घ्यायला सांगा ना त्यांना."

"सांगितलं रे," उडुपा म्हणाले. "ऐकत नाहीत. मीच पढवून ठेवलंय त्यांना."