अध्यक्षांचा प्रॉम्प्टर

फजिती झाली की माणूस थोडे दिवस तोंड लपवतो आणि मग लोक विसरून जातात, असं ज्यांना वाटतं ते ब्रह्मपुरीत कधी राहिलेले नाहीत. माझी फजिती अजून चालू आहे. मी बाजारात वांग्याचा भाव विचारला, तरी मागून कोणीतरी राजाच्या आवाजात तोच प्रश्न पुन्हा विचारतं. चहा घ्या, सांगते. फक्त मध्ये हसू नका. मध्ये कोणी हसलं की माझं पुढचं सुटतं, आणि ते सुटलं की काय होतं, तेच तर सांगायचंय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. मी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, कडेवर वर्षाच्या आतला बंटी, आणि नवरा तिकडे सिरोंच्याकडे मास्तर. तो दिसायचा सणावाराला. अशात मला एका संस्थेत नोकरी लागली. जंगलातल्या गावांतल्या बायांनी वेचलेला मोह, डिंक, चारोळी एकत्र करून बऱ्या भावानं विकायची, हे संस्थेचं काम. माझं काम टायपिंग, चहा आणि काळजी. काळजी पगारात धरलेली नव्हती, ती मी घरून आणायचे.

नोकरी तात्पुरती होती. सचिव रामटेके सर म्हणाले होते, मुंबईच्या देणगीदारांची पाहणी एकदा नीट होऊ द्या, मग तुम्हाले पक्कं करतो. आणि एक अट, लेकरू ऑफिसात आणायचं नाही. माझ्या आधीच्या बाईंच्या मुलानं म्हणे शिक्क्याचा पॅड चाटला होता. बिचारं आठवडाभर जांभळं हसत होतं. मी लगेच हो म्हटलं. बंटीला सासूबाई बघणार होत्या, आणि सासूबाई कुठे जाणार?

तर मुंबईहून निरोप आला. येणाऱ्या बाईंना आमच्या संचालक मंडळाची ओळख हवी होती, आणि खास करून प्रत्येकाची ‘नेतृत्वाची पार्श्वभूमी’. सरांनी ते काम माझ्याकडे सरकवलं. राज्यशास्त्र झालंय ना तुमचं, म्हणाले.

आता आमचं मंडळ बघा.

सोमीबाई मडावी, मोह वेचणाऱ्या बायांच्या वतीनं. त्यांना मी विचारलं, तुम्ही नेतृत्व कधी केलंत? त्या माझ्याकडे, मला ताप आहे की काय अशा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मोह येचाले गेलं का, जो पुढं चालते त्याले अस्वल भेटते. आपन मधात चालाव, बाई.” मी लिहिलं: सर्वांना सोबत घेऊन चालणारं नेतृत्व.

हबीबभाऊ, शिलाईचं दुकान. ते म्हणाले, अर्ध्या तालुक्याची मापं माझ्या डोक्यात आहेत, पण ऐकतं माझं कोणीच नाही, घरीसुद्धा. मी लिहिलं: तळागाळातील जनतेशी थेट संपर्क.

आणि अध्यक्ष, गुलाबभाऊ. यांचं सायकल-पंक्चरचं दुकान. पण धान निघालं, की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर नाटकं लागतात, आणि त्यात गुलाबभाऊ राजा. टकलावर मुकुट चढला, की माणूस हातभर वाढायचा. त्यांनी मोठ्या समाधानानं सांगितलं, की बरीच राज्यं चालवली, एकदा गादी सोडून वनवासात गेलो, आणि दर मोसमात निदान एका मुलीचं कन्यादान करतो. मी लिहिलं: विविध स्तरांवर प्रशासनाचा दीर्घ अनुभव.

खोटं यात काय होतं, सांगा. मला तर वाचताना गहिवरून आलं. सरांनाही. सर म्हणाले, हे नुसतं कागदावर नको, अध्यक्षांनी उभं राहून बोलावं.

गुलाबभाऊ तयार झाले, पण त्यांची एक अट होती. “प्रॉम्प्टर लागन. त्याच्याबिगर मी उभा होत नाई.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नट रोज वेगळ्या गावात, कधी वेगळ्या नाटकात. पाठ करायला वेळ कोणाला? आडोशाला प्रॉम्प्टर बसतो, तो हळूच वाक्य सांगतो, नट ते गर्जून म्हणतो. गुलाबभाऊंचा हात यात असा बसलेला, की वाक्य कानात शिरलं की तोंडातून बाहेर. मध्ये डोक्याचं स्टेशन नाहीच. एकदा प्रॉम्प्टरनं कोणाला तरी ‘चहा आण रे’ म्हटलं, तर यांनी भर दरबारात फर्मावलं, चहा आण रे. भालेवाला शिपाई खरंच कपबशी घेऊन आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी खूप हसले होते. हसण्याऐवजी विचार केला असता तर?

प्रॉम्प्टर मीच व्हायचं ठरलं. बैठकीच्या खोलीला लागून सामानाची खोली, मध्ये दाराऐवजी जुन्या लुगड्याचा पडदा. गुलाबभाऊ पडद्याला पाठ लावून उभे राहणार, मी आत.

आणि पाहणीच्या दिवशी सकाळीच आरमोरीहून सांगावा आला, की सासूबाईंची भावजय विहिरीवर घसरून पडली. सासूबाई पहिल्या जीपनं निघून गेल्या. बंटी माझ्या कडेवर आणि जीप धुळीत. शेजारीण लग्नाला. काय करणार? मी त्याला पोटभर पाजलं, झोपवलं, ओढणीत गुंडाळलं आणि मागच्या दारानं सामानाच्या खोलीत नेऊन पोत्यांमध्ये ठेवलं. तासाभराचा तर प्रश्न, असं स्वतःला बजावलं. मी स्वतःला बजावलेलं आजवर एकदाही खरं झालेलं नाही.

मुंबईच्या बाई आल्या. मोठा चष्मा, सुती साडी, हातात वही. हारतुरे झाले. गुलाबभाऊ उभे राहिले आणि मी पडद्याआडून सुरू केलं.

काय बोलले हो! ‘आमच्या मंडळाला नेतृत्वाची थोर परंपरा आहे’ म्हणताना असा आवाज लावला, की खिडकीतलं कबूतर उडालं. फटीतून मला बाईंचा चष्मा दिसत होता. त्या भराभर लिहून घेत होत्या. मला वाटलं, झालं, आपण पक्क्या.

तेवढ्यात मागे खुडबुड झाली. बंटी उठून बसला होता, एका पोत्याचं तोंड त्यानं उसवलं होतं आणि मोहाचं सुकं फूल त्याच्या तोंडात चाललं होतं. मी झडप घातली. “थुंक. आधी थुंक ते.”

पडद्यापलीकडे राजा गरजला, “थुंक. आधी थुंक ते.”

हबीबभाऊंच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. ते मुकाट उठले, बाहेर जाऊन थुंकून आले आणि तोंड पुसत जागेवर बसले. बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. नंतर कळलं, त्यांनी लिहिलं होतं, अध्यक्ष व्यसनाबाबत कडक.

म्हटलं, निभावलं. एका हातानं बंटीला धरलं, दुसऱ्या हातात कागद. त्यानं माझी वेणी पकडली. “नको रे, केस नको ओढू.”

“नको रे, केस नको ओढू,” गुलाबभाऊ म्हणाले, तेही करुण रसात. टकलावर ट्यूबलाइट चमकत होती. बाईंचं लिहिणं थांबलं.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? गप्प बसली असती. मी शहाणी नाही, काळजीवाली आहे. बंटीनं ओठ काढला, रडणार हे दिसलं, तशी मी त्याच्या कानाशी लागले. पण त्याचा कान आणि पडदा एकाच बाजूला होते.

“शहाणा ना तू? त्या चष्मेवाल्या बाईला कळलं, तर आईची नोकरी जाईल.”

गुलाबभाऊंनी एक पाऊल पुढे टाकलं, हात उंचावला आणि हे वाक्य मुंबईच्या बाईंच्या तोंडावर असं फेकलं, जसं शत्रूला आव्हानच. शब्द न शब्द.

“गुलाबभाऊ, हे नाही म्हणायचं!” मी.

“गुलाबभाऊ, हे नाही म्हणायचं!” गुलाबभाऊ.

“अहो, गप्प बसा ना!”

“अहो, गप्प बसा ना!” हे ऐकून घाबऱ्याघाबऱ्या उठू लागलेले रामटेके सर परत खुर्चीत बसले.

मग बंटीनं भोकाड पसरलं. ते तेवढं गुलाबभाऊंनी म्हटलं नाही. मोठा नट, कुठे थांबायचं ते कळतं.

सोमीबाई उठल्या आणि त्यांनी पडदा सरळ बाजूला केला. पोत्यांमध्ये मी, वेणी सुटलेली, कागद चुरगळलेला, कडेवर तोंडाला मोह माखलेला पोरगा. सोमीबाईंनी त्याला माझ्याकडून घेतलं आणि बाईंना म्हणाल्या, “लेकरू हाये जी. खात नाई तुम्हाले.”

बाईंनी मला बाहेर बोलावलं. सरांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. बाईंनी शांतपणे विचारलं, “या सगळ्यांच्या ओळखी तुम्ही लिहिल्यात?”

मी मान हलवली.

“छान लिहिल्यात. आता तुमची सांगा. तुमची स्वतःची नेतृत्वाची पार्श्वभूमी काय?”

सांगा बघू. तीन माणसांना पुढारी केलेली मी, राज्यशास्त्रवाली. डोकं म्हणजे कोरी पाटी. नोकरी तर गेलीच होती, निदान वाक्य तरी यावं.

आणि तेव्हा माझ्या मागून, अगदी हळू, गुलाबभाऊंचा आवाज आला. कलाकाराचा धर्म हो, समोरचा अडला की सांभाळायचं. “मी या संस्थेत…”

“मी या संस्थेत,” मी म्हटलं. जीवात जीव आला.

“बायांच्या भल्यासाठी झटून राह्यली…”

“बायांच्या भल्यासाठी झटून राहिले.”

“आन् आता पुढचं मले सुचून नाई राह्यलं, बाई, तुमीच बोला काहीतरी.”

“आणि आता पुढचं मला सुचत नाहीये, बाई, तुम्हीच बोला काहीतरी,” मी चष्मेवाल्या बाईंना सांगितलं. मोठ्यानं, आत्मविश्वासानं, हात उंचावून.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं चिडल्या. त्या डोळे पुसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, हबीबभाऊंनी पाणी दिलं, आणि मग बंटीला मांडीवर घेऊन त्या सोमीबाईंना अस्वलाबद्दल विचारत बसल्या. भाषण बारगळलं ते बारगळलंच, कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

त्यांची जीप गेल्यावर रामटेके सरांनी मला समोर उभं केलं. मी निरोपाचे शब्द मनात जुळवत होते. सरांनी बंटीकडे बघितलं. तो सोमीबाईंच्या कडेवर मोहाचं आणखी एक फूल चघळत होता.

“पक्कं करतो तुम्हाले,” सर म्हणाले. “बाईच तसं सांगून गेल्या. पन पुढच्या टायमाले पडद्यामागं याले बसवा. तो तुमच्यापेक्षा कमी बोलते.”