शेवटच्या ओळीतलं पाखरू

"पान बघ रे, तोंडपाठावर विश्वास ठेवू नकोस." हेम्दा ग्रॉसबार्द हे वाक्य प्रत्येक वर्गात म्हणत. मागच्या बाकावर त्यांची नक्कल चाले, आणि अमराम एल्मालेह त्यात सगळ्यांच्या पुढं असे. पुढं तोच अमराम यरुशलेमच्या ग्रंथालयात, तळघरातल्या खोलीत, त्यांच्या शेजारच्या टेबलावर कामाला लागला. स्वतःचे केस पांढरे झाले तरी तो त्यांना 'बाई'च म्हणे.

बाईंचं आयुष्य एकाच ग्रंथात गेलं. यरुशलेममधलं ज्यूंचं मंदिर पडल्यावर जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विलापगीतांवर प्रवचनं केली, त्यांचा हा ग्रंथ. त्याच्या हस्तलिखित प्रती जगभर विखुरलेल्या. त्या ओळीनं ओळ ताडून मूळ पाठ ठरवायचा, असं हे काम. उन्हाळे आले नि गेले, चष्मा जाड झाला, नवरा गेला, मुलगी हैफाला संसाराला लागली, तरी ग्रंथ चालूच. आता कुठं तो पुरा झाला होता. रविवारी सकाळी छापखान्यात जायचा होता.

आजवरच्या छापील प्रतींत हा ग्रंथ ज्या ओळीवर संपतो, ती ओळ अशी: 'आणि पडक्या भिंतीवर एका पाखरानं घरट्यासाठी काडी आणली.' बाईंचे वडील तिबेरियात शिंपी होते. दरवर्षी मंदिर पडल्याच्या दिवशी उपास धरून, जमिनीवर बसून ते हा ग्रंथ वाचत आणि ही ओळ पुन्हा पुन्हा गात. ज्यूंच्यात दुःखावर वाचन थांबवत नाहीत. विद्वान म्हणत, ही ओळ मागाहून कुणीतरी चिकटवलीय. बाईंनी प्रस्तावनेत ठासून लिहिलं होतं की नाही, सगळ्यांत जुन्या प्रतीतही ती आहे. सगळी प्रस्तावना त्या पाखराच्या आधारानं उभी होती.

शुक्रवारी दुपारी, सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या शब्बातच्या विसाव्यासाठी ग्रंथालय बंद व्हायच्या बेतात असताना, त्या जुन्या प्रतीचे नवे फोटो आले. इतकी वर्षं बाई काळवंडलेल्या फिल्मवरून वाचत आल्या होत्या. अमरामनं शेवटचं पान पडद्यावर उघडलं.

ओळ नव्हती. विलाप संपत होता, खाली 'समाप्त' लिहिलं होतं, आणि त्याखाली सगळं कोरं. जागा भरपूर होती, लिहिणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. फिल्मवरच्या काळ्या डागांत बाईंच्या तोंडपाठानं वडिलांची ओळ भरली होती.

अमराम पुदिन्याचा चहा करून आला.

"बाई, चहा घ्या."

"तू केलास? काय मोडून ठेवलंस आज?"

"मोडलं नाही काही. जरा इकडं या."

बाईंनी पडद्याकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चहावरची वाफ विरून गेली.

"वडिलांचा आवाज चांगला होता रे," त्या म्हणाल्या. "फारच चांगला होता."

"बाई, मी हे फोटो अजून उघडलेच नाहीत असं समजा. ग्रंथ जाऊ दे छापायला."

"आणि मग?"

"मग कुणी बघेल तेव्हा बघेल. किती थकलात तुम्ही!"

"थकलेय खरी. म्हणून नसलेलं वाचू? माझ्या नकला करत होतास, तेव्हा वाक्य तरी कानात शिरायला हवं होतं, गाढवा."

"प्रस्तावना कोसळेल, बाई. सगळे म्हणतील..."

"म्हणतील, म्हातारी पाठ केलेलं वाचत होती. वाचतच होते की."

त्यांनी लाल पेन्सिल घेतली. आधी ती ओळ खोडली, मग प्रस्तावना. राग नाही, घाई नाही. वाळलेले कपडे दोरीवरून काढावेत तसं एकेक पान उचलून बाजूला ठेवत गेल्या. अमरामला वाटलं, हात धरावा. धरला नाही.

"ओळ तळटीपेत घाल," त्या म्हणाल्या. "छापील प्रतींत आहे, जुन्या प्रतीत नाही, असं लिही. आणि आहे असं सांगणारी मी चुकले, तेही लिही. माझं नाव घालून."

"म्हणजे ग्रंथ रडण्यावरच संपणार?"

"त्या लिहिणाऱ्याचा तिथंच संपलाय. आपण काय करणार?"

बाईंनी पिशवी उचलली. थंडगार झालेला चहा उभ्याउभ्याच पिऊन टाकला आणि जिना चढू लागल्या.

अमराम खोलीला कुलूप लावून वर आला, तेव्हा त्या दारातून बाहेर पडल्या होत्या. शब्बातआधीची शेवटची बस निघून गेली होती. थांब्यावर त्या टेकल्यासुद्धा नाहीत, उताराच्या रस्त्यानं चालू लागल्या. मध्येच पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आज बाईंनी 'शब्बात शालोम' म्हणून निरोप घेतला नाही. कधी चुकत नाहीत."

"थकल्यात," अमराम म्हणाला.

पाइनच्या झाडांआड त्या वळल्या, तोवर दोघंही दारातच उभे होते.