अंबाड्यातलं जलकुंभीचं फूल

परवा गोंदिया रस्त्यावरच्या तलावातून मजुरांनी काढलेल्या जलकुंभीचा कुजका वास आला आणि आमच्या गावची बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं, आठवली.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नव्या वहिनीने लांजीहून, माहेरच्या तलावातलं एक रोप लोट्यातून आणून बोडीत सोडलं होतं. दोन पावसाळ्यांत पाणीच दिसेनासं झालं. त्या कार्तिकात ते उपटायला घरटी एक माणूस बोडीत उतरला. आमच्या घरून वहिनी स्वतः उतरली. बोडीत शिंगाडे लावणाऱ्या म्हातारीच्या वेली जलकुंभीखाली पार दबून गेल्या होत्या. ती वहिनीजवळ आली.

"काहून आनलं वं पोरी?"

"मायच्या गावचं फूल होतं, आजी," वहिनी रडवेली झाली.

"तुह्या मायच्या गावानं माहे शिंगाडे खाल्ले न वं!" म्हातारी हसली. उपटलेल्या ढिगातून तिने एक जांभळं फूल तोडलं आणि वहिनीच्या अंबाड्यात खोचलं. "हे ठेव. बाकी एक मूळ नोको ठेवू."

तेव्हा काठावर बसलेला मीही हसलो होतो. तिचं अख्ख्या वर्षाचं पीक गेलं होतं, हे पुढे स्वतः घर चालवायला लागल्यावर कळलं.

फूल दुपारीच मलूल झालं. वहिनीने ते काढलं नाही; दिवस मावळेपर्यंत कमरेइतक्या पाण्यात ती मुळं उपटत राहिली.