दोन्दूच्या उतारावरचा रानवाटाणा

तुर्कस्तानातल्या टॉरसच्या डोंगरात दोन्दूइतकं अडाणी माणूस शोधून सापडणार नाही, असं शहरातल्या विद्वानांचं मत होतं. चाळीस वर्षं ती गावामागच्या उतारावर बकऱ्या चारत होती आणि पायथ्याच्या पट्टीत मसूर पेरत होती. मसुरात रानवाटाणा, रानटी लाखोळी किंवा त्यांचं आणखी कुणी भावंड घुसलेलं दिसलं, की उपटून बकऱ्यांपुढे टाकायची. "ही माझ्याशी कमी आणि बकऱ्यांशीच जास्त बोलते," असं तिचा नवरा दुर्मुश म्हणायचा. तो वारल्यावर ती फक्त बकऱ्यांशीच बोलायला लागली.

मग विद्यापीठातून प्रोफेसर तेकिन आले. उतारावरच्या काटेरी झुडपांत चढलेल्या रानवाटाण्याची जांभळट फुलं बघून त्यांनी गुडघेच टेकले. जगातल्या समस्त मटारांची ही आजी, म्हणाले.

"आजीला जपायला हवं, मावशी. उद्यापासून इथे बकऱ्या बंद."

"त्या जन्मभर इथंच चरतायत, साहेब. आजी तर ठणठणीत दिसतेय."

"हे शास्त्र आहे, मावशी."

शास्त्रच म्हटल्यावर दोन्दू बापडी काय बोलणार? तारेचं कुंपण झालं. आजीला ऊन मिळावं म्हणून आतली काटेरी झुडपं मुळासकट साफ झाली. मुख्तारने, म्हणजे गावच्या सरपंचाने, फीत कापली आणि ताक पिऊन मंडळी परतली.

चराईचा दुसरा उतार अर्ध्या दिवसाच्या चालीवर. दोन्दूच्या गुडघ्यांना ते झेपेना. चारा पाठीवर वाहून बघितला, तोही पुरेना. थंडी पडायच्या आत तिने बकऱ्या विकून खालच्या गावच्या धनगराच्या टेम्पोत चढवल्या. म्हातारी काळी बकरी सारखी खाली उतरायला बघत होती. तिला दोन्दूने स्वतःच्या हातांनी आत ढकललं आणि सगळ्या गावासमोर रडली.

तिसऱ्या वसंतात प्रोफेसर पुन्हा आले. कुंपणात कमरेइतकं गवत माजलं होतं. दिवसभर शोधूनही रानवाटाण्याचा एक वेल सापडला नाही. संध्याकाळी ते दोन्दूच्या दारात आले, नवा शोध घेऊन. बकऱ्या गवत खात होत्या म्हणून वेलाला जागा मिळत होती, आणि काट्यांत चढल्यामुळे तो त्यांच्या तोंडातून वाचत होता. दोन्दूला कळावं म्हणून त्यांनी वहीत बकरीचं चित्रसुद्धा काढलं.

"तेव्हा मावशी, आता तुमच्या बकऱ्या आत सोडायच्या. नवा प्रकल्पच मंजूर झालाय तसा."

दोन्दू उठली आणि तिने गोठ्याचं दार सताड उघडलं. आत लेंड्यासुद्धा नव्हत्या.

"प्रकल्प तुमचा, गवत तुमचं, कुंपणही तुमचंच," ती म्हणाली. "चला साहेब, घ्या चरायला."